उसाच्या चिपाडाने इथेनॉलमधलं तांबं कसं शोधायचं: नवीन येणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा विषय मिळालेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात, की नेमकी सुरुवात कुठून करायची, कारण पेपर उघडला की सगळं दोन ओळीत उरकलेलं असतं, "बायोमास धुतला, मॉडिफाय केला, कॉलममध्ये भरला, मेटल मोजला" आणि संपलं. प्रत्यक्षात या प्रत्येक शब्दाच्या मागे आठवडे जातात. मी या सगळ्यातून गेलोय म्हणून जमेल तसं सविस्तर लिहितोय. उदाहरण एकच धरतो, म्हणजे गोंधळ होणार नाही: पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल, त्यातलं तांबं, आणि ते पकडायला सायट्रिक ॲसिडने मॉडिफाय केलेलं उसाचं चिपाड. एकदा हे जमलं की मग निकेल, झिंक, कॅडमियम, शिसं काहीही करा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. चिपाड काहीही "मोजत" नाही. चिपाड फक्त धातू गोळा करतं. मोजतं ते मशीन, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजात फ्लेम एएएस (ज्योतीत नमुना फवारून धातूने किती प्रकाश शोषला ते मोजणारं यंत्र). त्यामुळे आपल्या मटेरियलकडून तीनच अपेक्षा आहेत: धातू पटकन आणि पूर्ण पकडणं, सांगितल्यावर पूर्ण सोडणं, आणि स्वतःचं काही त्यात न मिसळणं. "एका ग्रॅमला किती मिलिग्रॅम धातू बसतो" हा आकडा सांडपाण्यावर काम करणाऱ्यांचा. आपल्या नमुन्यात धातू असतो मायक्रोग्रॅममध्ये, तिथे कपॅसिटी थोडी कमी असली तरी काही बिघडत नाही. तरी निम्मे विद्यार्थी सहा महिने लँगम्यूर आणि फ्रॉइंडलिशचे ग्राफ (हीच कपॅसिटी दाखवणारे) काढत बसतात आणि ब्लँककडे, म्हणजे धातू नसलेला नमुना त्याच पद्धतीने चालवून येणाऱ्या रीडिंगकडे, शेवटच्या महिन्यात बघतात. उलटं करा. ब्लँक आधी.

१. हे करायचंच कशाला, हे आकड्यात समजून घ्या

इंधनाच्या इथेनॉलसाठी आपल्याकडे आयएस १५४६४ हे स्टँडर्ड आहे आणि त्यात तांब्याची मर्यादा आहे किलोला ०.१ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या आणि युरोपच्या स्टँडर्डमध्येही हाच आकडा आहे. तांब्यावर एवढा डोळा का, तर तांबं पेट्रोलच्या ऑक्सिडेशनला कॅटॅलिस्ट म्हणून मदत करतं, मग टाकीत गम (चिकट साका) तयार होतो आणि तो पुढे जाऊन फिल्टर-इंजेक्टरमध्ये बसतो. आणि ते येतं कुठून, तर डिस्टिलरीच्या कॉलममधले तांब्या-पितळेचे भाग, व्हॉल्व्ह, पाइप, साठवणीच्या टाक्या, टँकर.

आता गणित बघा. इथेनॉलची घनता ०.७८९, म्हणजे किलोला ०.१ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला साधारण ७९ मायक्रोग्रॅम. हे सरळ फ्लेम एएएसला दिलं तर ॲब्सॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं माप) येतो ०.०१ च्या आसपास, म्हणजे रीडिंग आणि नुसती थरथर यात फरक करणं अवघड. त्यात इथेनॉल पाण्यासारखं फवारलं जात नाही, ज्योतीत ते स्वतःच इंधन म्हणून जळतं, त्यामुळे पाण्यातल्या स्टँडर्डवर काढलेला कर्व्ह तिथे चालतच नाही.

म्हणून १०० मिली इथेनॉल चिपाडाच्या छोट्या कॉलममधून सोडायचं, तांबं आत अडकतं, मग ५ मिली पातळ ॲसिडने ते सोडवून घ्यायचं. १०० मिलीतलं ७.९ मायक्रोग्रॅम ५ मिलीत आलं की झालं लिटरला जवळपास १.६ मिलिग्रॅम. वीस पट. हे मशीन आरामात वाचतं, आणि शिवाय आता सगळं पाण्यात आहे त्यामुळे साधे पाण्यातले स्टँडर्ड चालतात. माझ्या मते वीस पटीपेक्षा हा दुसरा फायदा मोठा आहे, पेपरात मात्र वीस पटच ठळक अक्षरात असते.

ब्राझीलमध्ये या विषयावर खूप काम झालंय, कारण तिथे १९७५ मध्येच उसाच्या इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि पाणी असलेलं इथेनॉल थेट गाडीत भरतात. आपल्याकडे आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) आलंय, साखर कारखान्यांना लागून डिस्टिलऱ्या आहेत, चिपाडाचे ढीग आहेत, त्यामुळे विषय आपल्या दारातलाच आहे.

२. कागदपत्रं, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

हे आधी सुरू करा, चिपाड धुण्याच्याही आधी.

• इथेनॉल ठेवायला-वापरायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. बहुतेक कॉलेजांकडे ती डिपार्टमेंटच्या नावाने असते, पण किती लिटरची आहे, कधीपर्यंत आहे आणि रजिस्टर कोण लिहितं हे स्टोअरकीपरला विचारा. तुमच्या नावावर काही येत नाही, सगळं संस्थेच्या नावावर.
• डिस्टिलरीकडून नमुना हवा असेल तर गाइडच्या सहीचं, विभागप्रमुखांच्या मार्फत लेटरहेडवर पत्र. त्यात "शैक्षणिक कामासाठी", किती मिली, आणि रिझल्टमध्ये कारखान्याचं नाव छापणार नाही, ही तीन वाक्यं टाका. तिसऱ्या वाक्यामुळे काम होतं.
• नमुन्याबरोबर त्यांचा टेस्ट रिपोर्ट मिळाला तर सोनं. पाणी किती, ॲसिडिटी किती, डिनेचर केलंय का (पिण्यालायक राहू नये म्हणून काही मिसळलंय का) आणि कशाने.
• तांब्याच्या १००० मिलिग्रॅम प्रति लिटर स्टँडर्डचं सर्टिफिकेट. बाटली फेकली तरी सर्टिफिकेट फेकू नका, थिसिसला लागतं.
• मशीन बुकिंगचा फॉर्म. आपल्याकडे एएएस नसेल तर जवळच्या विद्यापीठात बघा, आणि शेवटी तुलनेसाठी काही नमुने आयसीपीवर (धातू मोजणारं दुसरं, जास्त संवेदनशील मशीन) करायचे असतील तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (बाहेरच्यांचेही नमुने तपासून देणाऱ्या) सोयी आहेत, पण नंबर लागायला वेळ लागतो म्हणून नोंदणी लवकर.
• सेफ्टी डेटा शीट: इथेनॉल, नायट्रिक, कॉस्टिक. प्रिंट काढून टेबलाजवळ लावा.

३. सामान

महाग असं फार काही नाही. चिपाड, कॉस्टिक सोडा, सायट्रिक ॲसिड, चांगल्या ग्रेडचं नायट्रिक, डीआयोनाइज्ड पाणी, ॲब्सोल्यूट इथेनॉल. ओव्हन, शेकर किंवा मॅग्नेटिक स्टिरर, सॉक्सलेट (गरम सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवून पदार्थ धुऊन काढणारं काचेचं उपकरण). पॉलिप्रॉपिलिनच्या ट्यूब आणि बाटल्या. कॉलमसाठी एसपीईचे (सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शनचे) रिकामे कार्ट्रिज आणि त्याचे पॉलिइथिलीनचे फ्रिट (माल अडवणाऱ्या सच्छिद्र चकत्या), नसतील तर ३ मिलीची प्लास्टिकची सिरिंज. पेरिस्टाल्टिक पंप असला तर उत्तम, नसला तर व्हॅक्यूम मॅनिफोल्डवरही भागतं.

पंपाच्या नळीकडे लक्ष द्या. साध्या पीव्हीसी नळीतलं प्लास्टिसायझर इथेनॉलमध्ये उतरतं, नळी कडक होते आणि फ्लो बदलत जातो. इथेनॉलला चालणारीच नळी घ्या, दुकानदाराला स्पष्ट विचारून.

४. भांडी

सगळं प्लास्टिक आणि काच १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून, मग डीआयोनाइज्ड पाण्याने भरपूर धुऊन, झाकून वाळवायचं. नळाला पितळेची तोटी असते हे लक्षात ठेवा, शेवटचं धुणं नळाखाली केलं की आधीचं सगळं पाण्यात. पावडर असलेले ग्लोव्हज झिंक करणाऱ्यांनी वापरूच नका.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं, पुन्हा पुन्हा सांगतो: नायट्रिक ॲसिडच्या बाथमध्ये इथेनॉलचं भांडं तसंच टाकायचं नाही. कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक आणि इथेनॉल एकत्र आले की गॅस सुटतो, तापतं आणि स्फोट होऊ शकतो. आधी पाण्याने खळखळून धुवा, मग बाथ. वेस्टच्या बाटल्या दोन, इथेनॉलची वेगळी आणि ॲसिडची वेगळी, त्यांच्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, कारण लॅब झाडणाऱ्या मावशींनीही त्या वाचल्या पाहिजेत.

५. चिपाड कुठून आणायचं आणि बारीक कसं करायचं

कारखान्याचा बगॅस (म्हणजे चिपाडच) आयता बारीक मिळतो पण त्यात मिलच्या रोलरचं लोखंड आणि माती असते. कोपऱ्यावरच्या रसवंतीचं चिपाड स्वच्छ दिसतं पण त्यात लिंबू आणि आलंही पिळलेलं असतं, म्हणून रसवंतीवाल्याला सांगून सकाळचं पहिलं, नुसत्या उसाचं मागून घ्या, तो हसेल पण देईल. आणि पाचट आणू नका. पाचट म्हणजे वाळलेली पानं, त्यात सिलिका खूप, तो वेगळा पदार्थ आहे.

आणल्याबरोबर धुवा. साखर राहिली तर एका दिवसात आंबतं आणि बुरशी धरतं. गरम पाण्याने तीन-चार वेळा, पाणी गोड-चिकट लागायचं थांबेपर्यंत, मग ६० अंशाला वाळवायचं, दोन दिवस.

दळण्यात खरी गंमत आहे. मिक्सरचं पातं स्टीलचं, त्यातून लोखंड, क्रोमियम, निकेल येतं. फक्त तांबं करायचं असेल तर मिक्सर चालतो, पुढे ॲसिड वॉश आहेच, पण निकेल करणाऱ्यांनी खलबत्ता घ्यावा आणि तोही पोर्सेलिनचा, घरचा पितळी नव्हे. मग चाळणी. लॅबमधल्या गोल टेस्ट सीव्ह बऱ्याचदा पितळेच्या असतात! तांबं आणि झिंक शोधणाऱ्याने पितळेच्या चाळणीतून मटेरियल चाळायचं म्हणजे मांजरालाच दुधावर राखण बसवल्यासारखं. स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात पॉलिएस्टरचं जाळीचं कापड मिळतं, ते एम्ब्रॉयडरीच्या रिंगमध्ये ताणून लावा, झाली चाळणी. साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा माल ठेवा. त्याहून बारीक भुकटी कॉलम चोक करते, जाड असली तर इथेनॉल बाजूने निघून जातं.

६. आतला रंग आणि आतले धातू काढणं

झाड म्हटलं की त्यात त्याचं स्वतःचं तांबं, झिंक, लोह, मँगनीज आलंच, जमिनीतून घेतलेलं. समजा चिपाडात किलोला २ मिलिग्रॅम सुटं तांबं राहिलं. आपण कॉलममध्ये भरणार २०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.४ मायक्रोग्रॅम. मर्यादेवरच्या नमुन्यात ७.९ मायक्रोग्रॅम आहे तिथे हे फार जाणवणार नाही, पण चांगल्या डिस्टिलरीच्या नमुन्यात लिटरला ५ मायक्रोग्रॅम असेल तर १०० मिलीत आहेच ०.५, म्हणजे निम्म्याच्या आसपास सिग्नल तुमच्या चिपाडाचा. रिझल्ट छान दिसेल आणि सपशेल खोटा असेल.

त्यासाठी ०.१ मोलर नायट्रिकमध्ये दोन तास ढवळायचं, गाळायचं, पुन्हा एकदा तेच, आणि मग पाणी न्यूट्रल येईपर्यंत धुवायचं. हा वॉश मॉडिफिकेशनच्या आधी. पूर्ण झाल्यावर कॉलममध्ये पुन्हा एकदा ॲसिड फिरवायचंच आहे.

दुसरं म्हणजे रंग. पाण्यात काम करणाऱ्यांच्या पद्धतीत हे नसतं म्हणून लोक विसरतात. आपलं सँपलच इथेनॉल आहे, आणि इथेनॉल चिपाडातलं मेण, रंग, लिग्निनचे (झाडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाचे) छोटे तुकडे विरघळवून बाहेर आणतं. कॉलममधून पिवळं इथेनॉल यायला लागलं की समजा ही पायरी राहिली. त्या सुट्या तुकड्यांना तांबं चिकटतं आणि कॉलममधून सरळ वाहून जातं, रिकव्हरी (असलेल्या धातूपैकी परत मिळालेला वाटा) ७० टक्क्यांवर अडकते आणि कारण सापडत नाही. सॉक्सलेटमध्ये इथेनॉलने सहा-आठ तास, सायफनमधलं द्रव बिनरंगी दिसेपर्यंत. हीटिंग मँटलवर करा, उघड्या ज्योतीवर नाही.

७. मॉडिफिकेशन

चिपाडात साधारण ४०-५० टक्के सेल्युलोज, २५-३० टक्के हेमिसेल्युलोज आणि बाकी बहुतेक लिग्निन. यांच्यावर हायड्रॉक्सिल गट (-OH) भरपूर आहेत पण धातूला ते ढिलेढाले पकडतात. आपल्याला हवेत कार्बॉक्सिल गट (-COOH). सायट्रिक ॲसिडकडे असे तीन आहेत. तापवलं की त्याचा ॲनहायड्राइड (पाणी निघून गेलेलं रूप) होतो, तो सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर बनवून बसतो, आणि उरलेले कार्बॉक्सिल धातूसाठी मोकळे राहतात. सक्सिनिक ॲनहायड्राइड किंवा ईडीटीएचा डायॲनहायड्राइड वापरूनही करतात आणि त्यांची पकड जास्त चांगली असते, पण त्यात पिरिडिनसारखे सॉल्व्हंट आले, हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आला, वास आला. पहिल्यांदा करणाऱ्याने सायट्रिकच घ्यावं, किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाचाच हा भाऊबंद आहे, फक्त लॅब ग्रेडचं घ्या.

अ) आधी कॉस्टिक: दर ग्रॅम चिपाडाला २० मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, दोन तास ढवळणं. द्रव तपकिरी होईल, घाबरू नका, लिग्निन आणि हेमिसेल्युलोजचा काही भाग निघतोय. मग न्यूट्रल होईपर्यंत धुणं, वाळवणं.

आ) मग सायट्रिक: दर ग्रॅमला साधारण ८ मिली, १.२ मोलर द्रावण, अर्धा तास ढवळून गाळायचं आणि पसरट काचेच्या ट्रेमध्ये ५५ अंशाला रात्रभर ते पूर्ण दिवसभर वाळवायचं.

इ) १२० अंशाला ९० मिनिटं. ओव्हनच्या डायलवर विश्वास ठेवू नका, आत थर्मामीटर ठेवा, कारण जुने ओव्हन आकडा एक दाखवतात आणि आत दुसराच असतो. जास्त तापलं तर माल काळपट होतो आणि एकाच सायट्रिकचे दोन-दोन कार्बॉक्सिल सेल्युलोजला जोडले जाऊन क्रॉसलिंक होतं, म्हणजे धातूला द्यायचे गट कमी.

ई) धुणं, आणि इथे कंटाळा करायचा नाही. सुटं सायट्रिक ॲसिड आत राहिलं तर ते तांब्याला धरून कॉलमबाहेर घेऊन जातं. ६० अंशाच्या आसपासच्या पाण्याने धुवत राहा. पेपरात लेड नायट्रेट टाकून गढूळ होतंय का बघतात, पण धातूच्या लॅबमध्ये मी शिशाची बाटली उघडा असं कुणाला सांगणार नाही. धुतलेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजा, ती डीआयोनाइज्ड पाण्याच्या जवळ आली की बास.

८. खरंच काही बसलंय का, ते बघा

एफटीआयआर (कोणते गट आहेत ते दाखवणारा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढा, पण तीन काढा: कच्चं चिपाड, कॉस्टिकनंतरचं, सायट्रिकनंतरचं. १७३५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास कार्बोनिलचा पीक बघायचा. कच्च्या चिपाडातही तिथे पीक असतो, हेमिसेल्युलोजच्या ॲसिटिल गटांचा! कॉस्टिकने तो कमी होतो किंवा जातो, आणि सायट्रिकनंतर पुन्हा दणदणीत येतो. मधला स्पेक्ट्रम नसेल तर व्हायव्हाला बाहेरचे सर नेमकं हेच विचारतात, आणि "मॉडिफिकेशन झालं" हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही.

वजन किती वाढलं तेही लिहून ठेवा. आणि कार्बॉक्सिल मोजायला साधं बॅक टायट्रेशन: थोडं मटेरियल ओळखीच्या कॉन्सन्ट्रेशनच्या पातळ कॉस्टिकमध्ये तासभर ढवळून, गाळून, उरलेलं कॉस्टिक ॲसिडने टायट्रेट. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलएवढं सोपं, आणि प्रत्येक बॅच सारखी निघतेय का ते यावरून कळतं. सेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो काढलेच पाहिजेत असं माझं मत नाही, पण रिव्ह्यूअरला आवडतात, बजेट असेल तर काढा.

९. बॅच प्रयोग, थोडक्यातच

छोट्या ट्यूबमध्ये २० मिलिग्रॅम मटेरियल, त्यात तांबं टाकलेलं इथेनॉल, वेगवेगळे वेळ शेक करून वरचं द्रव मोजायचं. बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच कर्व्ह सपाट होतो. यातून आपल्याला एवढंच हवंय की पकड वेगाने होते की नाही, कारण कॉलममध्ये इथेनॉल थांबतंय किती, काही सेकंद.

दोन सापळे.

पहिला पीएच. पाण्यात पीएच ५ ठेवा असं प्रत्येक पेपर सांगतो. इथेनॉलमध्ये काचेचा इलेक्ट्रोड घातला की रीडिंग सरकत राहतं, त्याचा काचेचा थर कोरडा पडतो, आणि येणारा आकडा पाण्याच्या स्केलवरचा नसतोच. इंधनाच्या स्टँडर्डमध्ये यासाठी वेगळी पीएच-ई नावाची मोजणी आहे, वेगळ्या इलेक्ट्रोडने आणि ठरलेल्या वेळाला. म्हणून इथेनॉलचा पीएच ॲडजस्ट करत बसू नका, नमुना जसा आहे तसा वापरा आणि त्यात चालतंय हे दाखवा. तसंही इथेनॉलचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट पाण्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, २४ विरुद्ध ७८, त्यामुळे आयन तिथे पाण्याइतके सुटे-मोकळे नसतात आणि पाण्यातले नियम उचलून इथे लावता येत नाहीत.

दुसरा सापळा स्पाइकचा, म्हणजे नमुन्यात मुद्दाम टाकलेल्या मोजक्या तांब्याचा. १००० चं विकतचं स्टँडर्ड नायट्रिक ॲसिडमध्ये असतं. ते थेट इथेनॉलमध्ये जास्त टाकलंत तर तांब्याबरोबर ॲसिड आणि पाणी पण टाकलंत, आणि ॲसिड म्हणजे तर आपला सोडवणारा एजंट. मग तांबं चिपाडावर बसेलच कसं? आधी पाण्यात पातळ करून मधलं स्टँडर्ड बनवा आणि त्यातले मोजके मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये टाका. ब्लँक इथेनॉलमध्येही तेवढंच ॲसिड टाकायला विसरू नका.

१०. कॉलम भरणं

खाली फ्रिट, वर १०० ते २०० मिलिग्रॅम मटेरियल, वर फ्रिट. ऐकायला सोपं. पण मॉडिफाय केलेलं चिपाड पाण्यात फुगतं आणि इथेनॉलमध्ये आकसतं. पाण्यात भिजवून घट्ट भरलंत तर इथेनॉल सोडल्यावर आत फट पडते आणि नमुना त्या फटीतून सरळ खाली जातो. इथेनॉलमध्ये भिजवून खचाखच भरलंत तर पुढे ॲसिडचं पाणी आलं की फुगून प्रेशर वाढतं, नळी निसटते आणि अंगावर ॲसिड. म्हणून इथेनॉलमध्ये भिजवून भरा, वरचा फ्रिट मटेरियलला हलका टेकेल एवढाच ठेवा, आणि प्रत्येक चक्रानंतर तो पुन्हा बघा.

नवीन कॉलम भरला की पहिला नमुना लगेच चालवू नका. आधी पाणी, मग १ मोलर नायट्रिक, मग पाणी, मग इथेनॉल, असं दोन-तीनदा फिरवा आणि प्रत्येक वेळचं ॲसिड मशीनवर मोजा. तांबं बेसलाइनवर आलं की कॉलम तयार.

११. एक पूर्ण चक्र

१) कॉलम इथेनॉलने ओला, ५ मिली.
२) नमुना १०० मिली, मिनिटाला १ ते २ मिली. घाई केली की रिकव्हरी पडते. साधारण तास-दीड तास लागतो, बाजूला बसून दुसरं काम करा पण कॉलम कोरडा पडू देऊ नका.
३) पाणी, ५ ते १० मिली. ही पायरी कधीही गाळायची नाही. एक तर इथेनॉलवर ॲसिड जायला नको, सेफ्टीसाठी. आणि दुसरं, एल्युएटमध्ये (ॲसिडने सोडवून घेतलेल्या द्रवात) थोडं जरी इथेनॉल राहिलं तरी ज्योतीत सिग्नल वाढतो आणि रिकव्हरी ११५ टक्के वगैरे येते, आणि लोक खूश होतात.
४) १ मोलर नायट्रिक, अडीच-अडीच मिलीचे दोन भाग, हळू. सुरुवातीला तिसराही भाग घ्या, वेगळ्या ट्यूबमध्ये. तिसऱ्यात तांबं दिसलं तर सुटणं पूर्ण नाही, मग व्हॉल्यूम वाढवा किंवा फ्लो कमी करा.
५) पाणी, मग इथेनॉल, पुढचा नमुना.

तोच कॉलम किती वेळा चालतो? एस्टर बंध आहे, ॲसिडमध्ये हळूहळू तुटतो. म्हणून दर काही चक्रांनी माहीत असलेला स्टँडर्ड चालवा आणि रिकव्हरी घसरायला लागली की कॉलम बदला, चिपाडच आहे, त्याचं काय एवढं.

१२. मशीनवर

तांब्याला ३२४.८ नॅनोमीटर, एअर-ॲसिटिलीन फ्लेम. लॅम्प वीसेक मिनिटं तापू द्या. स्टँडर्ड ०.२ पासून २ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत, आणि ते त्याच १ मोलर नायट्रिकमध्ये बनवायचे ज्यात तुमचं एल्युएट आहे. दर आठ-दहा नमुन्यांनंतर मधला एक स्टँडर्ड पुन्हा दाखवा. एल्युएट पाच मिलीच असतं, मशीन ते भराभर ओढतं, त्यामुळे तीन रीडिंगचा टाइम आधी सेट करून ठेवा, नाहीतर तिसऱ्या रीडिंगला हवा ओढली जाते. मशीन दुसऱ्या विद्यापीठात असेल तर ऑपरेटर दादांना एक दिवस आधी फोन करून लॅम्प आहे का, गॅस आहे का विचारा. तांब्याचा लॅम्प बहुतेक ठिकाणी असतोच, निकेल-कॅडमियमचं खात्रीने सांगता येत नाही.

१३. रिझल्ट खरा आहे हे कसं दाखवायचं

ब्लँक म्हणजे नुसतं ॲसिड नाही. स्वच्छ इथेनॉल, तोच कॉलम, तीच नळी, तीच सगळी पायरी, आणि मग मोजलेलं ते ब्लँक. असे दहा घ्या. त्यांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची तिप्पट भागिले कर्व्हचा स्लोप म्हणजे डिटेक्शन लिमिट, दहापट घेतली तर क्वांटिफिकेशन लिमिट. नुसत्या ॲसिडवर काढलेली लिमिट फारच सुंदर येते, ती तुमच्या पद्धतीची नसून मशीनची असते.

आकडा सांगताना लिटरवरून किलोवर या. मशीन मिलिग्रॅम प्रति लिटर देतं तेही एल्युएटचं, आधी वीसने भागा, मग ०.७८९ ने भागा. पाणी असलेलं इथेनॉल असेल तर त्याची घनता वेगळी, ती मोजून घ्या.

रिकव्हरीसाठी खऱ्या नमुन्यात दोन-तीन पातळ्यांवर स्पाइक करा, ९० ते ११० टक्क्यांत यायला हवी. पण एवढ्यावर थांबू नका. स्पाइक केलेलं तांबं सुटा आयन असतं, ते चिपाडावर बसणारच. नमुन्यातलं मूळचं तांबं कदाचित एखाद्या सेंद्रिय ॲसिडने धरलेलं असेल, किंवा बारीक कणात असेल, ते कॉलममधून न थांबता जाईल आणि तुमची स्पाइक रिकव्हरी तरीही ९८ टक्के येईल. म्हणून एक वेगळी पद्धत शेजारी हवीच. सगळ्यात स्वस्त म्हणजे १०० मिली इथेनॉल हूडमध्ये वॉटर बाथवर हळूहळू उडवायचं, पूर्ण उडाल्यावर उरलेलं ५ मिली पातळ नायट्रिकमध्ये घ्यायचं आणि मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तर पद्धत खरी.

मग कोणी विचारेल, आणि विचारतातच, की असं उडवूनच भागत असेल तर चिपाडाचा एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. उडवायला तासन् तास जातात, ज्वलनशील वाफा असतात, उघड्या भांड्यात हवेतली धूळ पडते आणि ब्लँक वाढतो. कॉलम मात्र डिस्टिलरीतच लोड करून, बंद करून, बॅगेत घालून लॅबला आणता येतो, लिटरभर इथेनॉल एसटीतून न्यायची गरज नाही, जे तसंही नेता येत नाही. माझ्या दृष्टीने या विषयाचा सगळ्यात पटणारा उपयोग हाच आहे. "स्वस्त आणि पर्यावरणपूरक" हे प्रस्तावनेत लिहा, पण डिफेन्समध्ये हे सांगा.

१४. बायोडिझेल करायचं असेल तर

सरळ ही पद्धत उचलून लावू नका. बायोडिझेल घट्ट, पाण्यात न मिसळणारं, कॉलममधून नीट उतरत नाही. त्यातले धातू आधी पातळ ॲसिडने पाण्यात ओढून किंवा पूर्ण डायजेस्ट करून घ्यावे लागतात, आणि ॲसिडिटी कमी करून मग कॉलम, इथे मात्र पाण्यातले पीएचचे नियम लागू होतात. शिवाय बायोडिझेलमध्ये लोकांना हवं असतं सोडियम आणि पोटॅशियम, कॅटॅलिस्टमधून राहिलेलं, युरोपियन स्टँडर्डमध्ये दोन्ही मिळून किलोला ५ मिलिग्रॅम. त्यासाठी चिपाडाचा उपयोग नाही: कार्बॉक्सिल गट सोडियमला फार धरत नाहीत, आणि आपण स्वतःच मटेरियल कॉस्टिकने धुतलंय. ते फ्लेम फोटोमीटरवर करा.

ई-२० पेट्रोलचंही तसंच. पेट्रोल आणि त्यातले ॲडिटिव्ह आले की सगळं बदलतं, पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

चिपाडाऐवजी दुसरं काही वापरायचं असेल तर शेवग्याच्या बिया, नारळाचा काथ्या, कॉर्कची पूड यांवर काम झालेलं आहे. शेवग्यात तेल आणि प्रोटीन असतं, आधी तेल काढावं लागतं. काथ्यात लिग्निन जास्त म्हणून रंग जास्त सुटतो, सॉक्सलेटला वेळ द्या. कोकणातल्या कॉलेजांनी काथ्याच घ्यावा, उगाच कोल्हापूरहून चिपाड मागवायची गरज नाही.

१५. वेस्ट

इथेनॉलचं वेस्ट एका बाटलीत, ॲसिडचं दुसऱ्या, हे वर सांगितलंच. इथेनॉलच्या बाटलीचं झाकण नीट बंद, ऊन आणि स्विचबोर्डपासून लांब, आणि किती वापरलं-किती उरलं याची नोंद उत्पादन शुल्कच्या रजिस्टरला जुळली पाहिजे, तपासणीला आले की पहिलं तेच बघतात. वापरलेलं चिपाड ओल्या कचऱ्यात टाकायचं नाही, त्यावर धातू आहे, ॲसिडने शेवटचं धुऊन, मग पाण्याने धुऊन, वाळवून लॅबच्या घन कचऱ्याच्या डब्यात. डब्यावर तारीख टाका.